बॉल जमिनीवर पडताना स्पीड किती: आधी डेरिव्हेटिव्ह, मग टाइम

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी इंदूरचीच, अकरावी, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). तिला शीटमधे गणित आलंय की १५ मीटर उंच गच्चीवरून बॉल फेकला, फेकताना आडवी व्हेलॉसिटी १५ मीटर पर सेकंद आणि वरच्या दिशेने १०, जी (गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) १० घ्या, तर जमिनीवर पडताना बॉलचा स्पीड काढा, आणि डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) वापरूनच काढा. तिचं उत्तर एकदा शून्य आलं, एकदा उणे २० आलं, आणि शीटच्या मागे लिहिलंय २५. तिचं म्हणणं असं की सर, जमिनीवर आला की हाइट शून्य, शून्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य, मग स्पीड शून्य का नाही? वर मैत्रीण म्हणते की बॉल पडल्यावर थांबतोच ना, म्हणजे शून्यच बरोबर.

बेटा, २५ च बरोबर आहे. आणि तुझा प्रश्न खूप चांगला आहे, कारण फॉर्म्युला पाठ असलेली मुलं तो विचारतच नाहीत, त्यांचं उत्तर येतं पण डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळत नाही. मी इंदूरच्या भंवरकुआं भागात बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्ही शिकवतोय आणि दर बॅचला हे शून्य कुणाच्या तरी वहीत निघतंच. यात मुलांचा दोष कमी आहे, फिजिक्समधे मोशन सेशनच्या सुरुवातीलाच येतं आणि मॅथ्समधे लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्हज हा चॅप्टर अकरावीच्या पार शेवटाकडे, तोवर फिजिक्सवाले "डीएक्स बाय डीटी करा" म्हणून पुढे गेलेले असतात आणि मुलं ते कसंबसं पाठ करून चालवतात.

आधी फक्त उभी मोशन घे, आडवी नंतर बघू. वेळेला टी म्हणू, उंचीला वाय.

वाय = १५ + १०टी − ५टी²

हे काय आहे? १५ सुरुवातीची उंची, १०टी वर फेकल्याचे, आणि ५टी² म्हणजे अर्धा जी गुणिले टी², खाली ओढल्याचे. हा एक नियम आहे, तू टी सांग, तो उंची सांगतो. टी शून्य तर १५, टी १ तर २०, टी २ तर १५, टी ३ तर शून्य. म्हणजे बॉल तीन सेकंदांनी जमिनीवर. इथवर तुझं बरोबरच होतं. पण मग तू काय केलंस, वायच्या जागी शून्य लिहिलंस आणि त्या शून्याचा डेरिव्हेटिव्ह घेतलास. आता तो शून्य म्हणजे फक्त एका क्षणाची उंची आहे, एक आकडा. आकड्याला बदलायला जागाच नाही, म्हणून त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य येणारच, टी ३ च्या जागी टी २ घेतला असतास तर वाय १५ आला असता, १५ चा डेरिव्हेटिव्हही शून्य, या पद्धतीने बॉल दर क्षणाला थांबलेलाच निघेल. डेरिव्हेटिव्ह घ्यायचा असतो नियमाचा, पूर्ण फंक्शनचा, ते अजून टीमधे मोकळं असताना. आधी डेरिव्हेटिव्ह, मग टाइम टाकायचा. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

तर वायचा डेरिव्हेटिव्ह: १५ गेला, १०टी चे १० राहिले, ५टी² चे १०टी झाले.

उभी व्हेलॉसिटी = १० − १०टी

आता टी ३ टाक, १० − ३० = −२०. उणे म्हणजे खाली जातोय.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं, की पडल्यावर बॉल थांबतो. याला "प्रश्नात तसं विचारलेलं नाही" म्हणून उडवून लावू नये, कारण यातच सगळी गंमत आहे. बॉल तीन सेकंदांच्या अगदी आधी कुठे होता ते कॅल्क्युलेटरवर बघ. टी २.९ ला उंची येते १.९५ मीटर. म्हणजे शेवटच्या ०.१ सेकंदात १.९५ मीटर खाली आला, भागाकार केला तर सरासरी १९.५ मीटर पर सेकंद. टी २.९९ ला उंची ०.१९९५, शेवटच्या ०.०१ सेकंदाची सरासरी १९.९५. टी २.९९९ ला उंची ०.०१९९९५, सरासरी १९.९९५. बघ आकडे कुठे चाललेत. जमिनीच्या जितकं जवळ जाशील तितके २० ला चिकटत जातायत, शून्याकडे तर अजिबात नाही. हेच लिमिट, आणि या लिमिटलाच डेरिव्हेटिव्ह म्हणतात, दुसरं काही नाही. हे तीन भागाकार वहीत स्वतःच्या हाताने कर, वाचून पुढे जाऊ नकोस, मला तरी डेरिव्हेटिव्ह शिकवायला याच्याहून चांगली जागा मिळालेली नाही.

आणि बॉल नंतर थांबतो त्याचं काय? तीन सेकंदांनंतर वरचा नियम लागूच होत नाही, जमीन आली, जमिनीने बॉलला धक्का दिला, आता दुसरा हिशोब सुरू. टी ३.१ टाकलंस तर फॉर्म्युला उंची −२.०५ सांगेल, बॉल काही जमिनीत दोन मीटर घुसत नाही. म्हणजे खऱ्या बॉलचा ग्राफ काढला तर टी ३ ला तिथे टोक येतं, डावीकडून स्लोप −२०, उजवीकडून काहीतरी वेगळाच, उसळला तर पॉझिटिव्ह, चिखलात रुतला तर शून्य. टोकावर दोन्ही बाजूंचा मिळून एक डेरिव्हेटिव्ह नसतो हे मॅथ्समधे शिकशीलच, मॉड एक्सच्या (चिन्ह सोडून एक्सचा नुसता आकडा) ग्राफला शून्यावर होतं तेच. म्हणून "पडताना स्पीड" याचा अर्थ नेहमी डावीकडचा डेरिव्हेटिव्ह, जमिनीला लागायच्या आतला. मैत्रीण उजवीकडचा सांगतेय, प्रश्न डावीकडचा विचारतोय. इतकं नीट कळलं तर बारावीत कंटिन्युइटी अँड डिफरन्शिएबिलिटी आलं की घाबरायला होणार नाही.

टाइम काढताना एक गोष्ट बहुतेक मुलं न बघता खोडून टाकतात. १५ + १०टी − ५टी² = ० याला पाचाने भागून सोडवलं की दोन रूट येतात, ३ आणि −१. "टाइम निगेटिव्ह नसतो, रिजेक्ट" असं लिहून मोकळे होतात. रिजेक्ट करायचाच आहे, पण तो काय सांगतोय ते बघून कर. समज बॉल गच्चीवरून फेकलेला नसून एक सेकंद आधी खालून, जमिनीवरून वर फेकला होता आणि जाताजाता गच्चीच्या शेजारून गेला, तर तो फेकण्याचा क्षण म्हणजे −१. तिथली व्हेलॉसिटी काढ: १० − १०×(−१) = २०. वर २० ने निघाला, खाली २० ने पोचला. दोन्ही रूटवर डेरिव्हेटिव्हचा आकडा सारखा, फक्त चिन्ह उलटं.

हा योगायोग नाही. कुठल्याही क्वाड्रॅटिकचा डेरिव्हेटिव्ह त्याच्या रूटवर काढला तर प्लस किंवा मायनस, डिस्क्रिमिनंटचं (क्वाड्रॅटिक फॉर्म्युलात रुटखाली येतं ते बी² − ४एसी) वर्गमूळच येतं. इथे पाचाने न भागलेल्या समीकरणाचा डिस्क्रिमिनंट १०० + ४×५×१५ = ४००, वर्गमूळ २०. म्हणजे क्वाड्रॅटिक फॉर्म्युलात जो भाग आपण रुटखाली लिहितो त्याचं वर्गमूळच पडतानाचा उभा स्पीड असतं, टाइम काढता काढता उत्तर आधीच कागदावर आलेलं असतं. जी ९.८ घेतला आणि टाइम वाकडातिकडा ३.०४६ असा आला तरी काळजी नाही, रुटखाली १०० + २×९.८×१५ = ३९४, वर्गमूळ १९.८५, झालं, टाइम परत टाकायची गरज नाही. आणि रुटखाली जे आलं ते दुसरं तिसरं काही नाही, तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातलं व्ही² = यू² + २जीएच च आहे (यू सुरुवातीचा स्पीड, एच उंची). बहुतेक मुलांना ही दोन वेगळी प्रकरणं वाटतात, एक मॅथ्सच्या सरांचं आणि एक फिजिक्सच्या सरांचं.

आता आडवी मोशन. एक्स = १५टी, डेरिव्हेटिव्ह १५, टीचा पत्ताच नाही, म्हणजे पहिल्या क्षणापासून पडेपर्यंत आडवी व्हेलॉसिटी १५ च. आडवी आणि उभी मोशन एकमेकांच्या आड येत नाहीत आणि म्हणून वाट पॅराबोला होते, हे गॅलिलिओने १६३८ मधे छापलं, तेव्हा डेरिव्हेटिव्ह हा प्रकारच अजून यायचा होता, न्यूटन आणि लाइबनिट्स नंतरचे. गॅलिलिओने ते सगळं भूमितीने आणि रेशोने केलं. आपल्याला ते दोन ओळींत करता येतं याबद्दल मला तरी आजही नवल वाटतं.

पडताना बॉलकडे दोन कॉम्पोनंट आहेत, आडवी १५, खाली २०. दोन्ही काटकोनात, पायथागोरस लाव, २२५ + ४०० = ६२५, वर्गमूळ २५. हेच शीटमागचं उत्तर. तुझं −२० ही उभी व्हेलॉसिटी होती, चूक नव्हती, अर्धी होती. स्पीड विचारला की दोन्ही कॉम्पोनंट घ्यायचे आणि उत्तर कधीच निगेटिव्ह लिहायचं नाही, व्हेलॉसिटी विचारली तर दिशाही सांगायची.

दिशेवरून आठवलं, इथे एक दुसरी गडबड होते आणि ती हुशार मुलांची होते. ती एक्स आणि वायमधून टी काढून टाकतात आणि वाटेचं समीकरण मांडतात:

वाय = १५ + (२/३)एक्स − एक्स²/४५

आणि मग डीवाय बाय डीएक्स काढून त्यालाच स्पीड म्हणून मोकळे. बॉल पडतो एक्स ४५ ला, तिथे डीवाय बाय डीएक्स = २/३ − २ = −४/३. मग लिहितात स्पीड १.३३. हे स्पीड नाही, हा वाटेचा उतार आहे, एक मीटर पुढे गेला तर किती मीटर खाली जाईल ते, यात सेकंद कुठेच नाही. डेरिव्हेटिव्ह कशाच्या संदर्भात घेतलाय ते बघायलाच हवं, एककच सांगून टाकतं: मीटर भागिले मीटर आलं तर उतार, मीटर भागिले सेकंद आलं तर व्हेलॉसिटी. पण तो −४/३ फेकून देऊ नकोस, त्यातून अँगल मिळतो, टॅन ४/३ म्हणजे साधारण ५३ डिग्री, बॉल जमिनीला इतक्या तिरप्याने येऊन लागतो. आणि चेन रूलने (डीवाय बाय डीएक्स गुणिले डीएक्स बाय डीटी) त्याला आडव्या व्हेलॉसिटीने गुण, −४/३ × १५ = −२०, उभी व्हेलॉसिटी परत हजर. तिन्ही डेरिव्हेटिव्ह एकमेकांशी जुळतात, नाही जुळले तर कुठेतरी चुकलंय, पेपरमधे चेक करायला याहून सोपं काही नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. स्पीडच्या वर्गाचाच डेरिव्हेटिव्ह घेऊन बघ. स्पीडचा वर्ग म्हणजे आडवीचा वर्ग अधिक उभीचा वर्ग. त्याचा टीवरून डेरिव्हेटिव्ह घेतला तर आडवीचा भाग शून्य कारण ती बदलतच नाही, उभीचा भाग येतो २ × उभी व्हेलॉसिटी × (−१०), म्हणजे −२० × उभी व्हेलॉसिटी. पण उभी व्हेलॉसिटी म्हणजेच वायचा डेरिव्हेटिव्ह. म्हणजे स्पीडचा वर्ग ज्या दराने बदलतो तो वाय बदलण्याच्या दराच्या बरोब्बर −२० पट. दोन्ही एका बाजूला आण: (स्पीडचा वर्ग + २०वाय) याचा डेरिव्हेटिव्ह शून्य. आणि ज्याचा डेरिव्हेटिव्ह पूर्ण वेळ शून्य असतो ते बदलत नाही. इथे शून्य डेरिव्हेटिव्ह खरोखर अर्थाचा आहे, तुझ्या पहिल्या शून्यासारखा एका क्षणापुरता आकडा टाकून आलेला नाही.

सुरुवातीला स्पीडचा वर्ग २२५ + १०० = ३२५, आणि २०वाय = ३००, बेरीज ६२५. शेवटी वाय शून्य, म्हणून स्पीडचा वर्गच ६२५. टाइम काढलाच नाही, क्वाड्रॅटिक सोडवलीच नाही. मधे कुठेही बघ, टॉपला, टी १ ला, वाय २० आहे, २०वाय = ४००, आणि स्पीड फक्त आडवा १५, वर्ग २२५, बेरीज परत ६२५. ही एनर्जी कॉन्झर्वेशन आहे, वस्तुमानाने गुणून दोनने भागलं की झालं कायनेटिक आणि पोटेन्शियल, पण बघ ती डेरिव्हेटिव्हमधून आपसूक निघाली, कुणी येऊन "एनर्जी कायम असते" असं सांगावं लागलं नाही.

आणि यातून एक गोष्ट निघते ज्यावर मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. ६२५ मधे अँगल कुठे आहे? नाहीच. त्याच गच्चीवरून तेवढ्याच स्पीडने, म्हणजे ३२५ च्या वर्गमुळाने, साधारण १८.०३ ने, बॉल सरळ वर फेक, आडवा फेक, की थेट खाली आपट, जमिनीला लागताना स्पीड २५ च. टाइम वेगळा येईल, जागा वेगळी, लागायचा अँगल वेगळा, स्पीड तोच.

जेईई ॲडव्हान्स्डची तयारी करणाऱ्यांसाठी याच्यातूनच एक सुंदर गोष्ट निघते, तू आत्ता सोडलंस तरी चालेल पण माझी इच्छा आहे की सोडू नयेस. प्रश्न असा की याच गच्चीवरून याच स्पीडने जास्तीत जास्त लांब फेकायचा तर अँगल किती. सगळे सांगतात ४५. चूक, ४५ हे फेकायची आणि पडायची लेव्हल एकच असेल तेव्हा. कागदावर एका बिंदूपासून दोन बाण काढ, एक सुरुवातीच्या व्हेलॉसिटीचा, १५ आडवा १० वर, दुसरा पडतानाचा, १५ आडवा २० खाली. दोन्हींची टोकं एकाच उभ्या रेषेवर येतील कारण आडवा भाग सारखाच, आणि टोकांमधलं अंतर ३०, म्हणजे जी गुणिले टाइम. हा त्रिकोण झाला, क्षेत्रफळ अर्धा × ३० × १५ = २२५. आता १५ गुणिले टाइम म्हणजे रेंज, म्हणून हे क्षेत्रफळ म्हणजे जी गुणिले रेंजच्या अर्धं. तेच क्षेत्रफळ दुसऱ्या पद्धतीने, दोन बाजू आणि मधला अँगल, अर्धा × १८.०३ × २५ × साइन. पण १८.०३ दिलेला आहे आणि २५ अँगलवर अवलंबून नाही हे आत्ताच बघितलं! मग रेंज वाढवायला एकच गोष्ट हातात राहते, तो साइन एक करायचा, म्हणजे फेकायची दिशा आणि पडायची दिशा काटकोनात असली की रेंज सगळ्यात जास्त. मॅक्सिमम रेंज १८.०३ × २५ / १० = साधारण ४५.०७ मीटर, अँगल साधारण ३५.८ डिग्री. तुझ्या गणितातला बॉल ४५ मीटरवर पडतो, म्हणजे शीट बनवणाऱ्याने त्याला जवळजवळ बेस्ट अँगलनेच फेकलाय. आणि ४५ डिग्रीने फेकला असता तर ४३.७ मीटरच गेला असता, करून बघ.

राहिली खऱ्या बॉलची गोष्ट, कारण कोणीतरी विचारणारच. जी १० ही सोय आहे, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे आणि इथे जी ९.७९ च्या जवळपास येतो, तो घेतला तर उत्तर २५ च्या ऐवजी २४.८७, फार फरक नाही. खरा फरक हवेचा. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, आणि २५ मीटर पर सेकंदला, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, हवा त्याला जितकं मागे ओढते तो फोर्स त्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच असतो. म्हणजे इंदूरच्या होळकर स्टेडियमवर उंच सिक्सर गेला तर तो प्रेक्षकांत पडताना आपल्या फॉर्म्युल्याने जितका यायला हवा त्यापेक्षा बऱ्यापैकी हळू येतो, आणि चढतानापेक्षा उतरताना जास्त उभा उतरतो, वाट पॅराबोला राहत नाही. तेव्हा वरची ६२५ वाली बेरीज कायम राहत नाही, तिचा डेरिव्हेटिव्ह सतत निगेटिव्ह असतो, हवा ती हळूहळू खात जाते. पण पद्धत तीच, पोझिशनचा डेरिव्हेटिव्ह व्हेलॉसिटी, फक्त पोझिशनचं फंक्शन इतकं साधं मिळत नाही, कॉम्प्युटरवर छोट्या छोट्या टाइमच्या पायऱ्यांनी काढावं लागतं.

पेपरमधे लिहिताना चार ओळी पुरतात: दोन्ही फंक्शन, दोन्ही डेरिव्हेटिव्ह, वाय शून्य करून टाइम, आणि मग टाइम डेरिव्हेटिव्हमधे टाकून पायथागोरस. निगेटिव्ह रूट का सोडला ते एका वाक्यात लिही, आणि ६२५ वाला चेक रफमधे कर.

आता एक तू स्वतः कर. जमिनीवरून बॉल फेकला, आडवा १५, वर २०, समोर १५ मीटर उंचीची गच्ची आहे, बॉल वरून येऊन त्या गच्चीवर पडतो. पडताना स्पीड? इथे टाइमचे दोन रूट येतील आणि दोन्ही पॉझिटिव्ह, १ आणि ३, त्यामुळे "निगेटिव्ह आहे म्हणून रिजेक्ट" चालणार नाही, कुठला घ्यायचा ते डेरिव्हेटिव्हच्या चिन्हाला विचारावं लागेल. स्पीड १८.०३ आला पाहिजे. दुसरा रूट घेऊनही तोच आकडा येईल, तो का येतो ते वहीत लिहून काढ.